एककळी

पहिला गड्डा उपटून हातात आला तेव्हा धाकटीला वाटलं, मध्येच चुकून एखादा कांदा लागलाय. तिनं तो बाजूला टाकला आणि दुसरा उपटला. तोही तसाच. गोल, गुळगुळीत, पांढराशुभ्र आणि पाकळ्यांचा पत्ताच नाही. तिसऱ्याची तर तिनं मातीही झटकली नाही, सरळ अंगठ्यानं साल फाडलं. आत एकच अखंड कांडी. वास मात्र लसणाचाच, नाकाला झोंबणारा.

"अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "जरा इकडे या बरं."

धाकटा ट्रक चालवायचा. लसणाच्या काढणीसाठी म्हणून मुद्दाम सुट्टी काढून आला होता आणि सकाळपासून बांधावर बसून फोनच बघत होता. तो आला, गड्डा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "लसूणच आहे की."

"पाकळ्या कुठायत?"

"असतील आत."

"आत नाहीत म्हणून तर बोलावलं ना!"

मग दोघं मिळून वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उपटत गेले. मधूनच उपटून पाहिलं, कडेचे उपटले, पाटाजवळचे उपटले. सगळीकडे त्याच गोट्या. पात कशी तरारलेली होती! येणारा-जाणारा थांबून बघायचा. आणि खाली हे. धाकटी मातीतच बसली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

नुसता लसूण बिघडला असता तर घरानं चार दिवस हळहळ केली असती आणि विषय मिटला असता. पण या लसणावर खालचं शेत पणाला लागलं होतं. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर ठरलं होतं: लसूण नीट निघाला तर खालचं शेत धाकट्यांनी कसायचं, कायमचं. नाही निघाला तर ते कोल्ड स्टोरेजवाल्याला द्यायचं, त्याची गोदामं तिथं उभी राहतील. धाकटीनं त्या एका शब्दावर औषधांच्या दुकानातली नोकरी सोडली होती. सगळे म्हणाले, वेडी आहेस. ती म्हणाली, असू दे.

आणि थोरला भाऊ आलाच. असल्या वेळी तो बरोबर येतो, हे या घराला माहीत आहे. मागून पाण्याची कळशी घेऊन त्याची बायको, थोरली, येत होती.

थोरल्यानं वाकून एक गड्डा उचलला. बोटात फिरवला. मग दुसरा. त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू वर आली.

"हे काय लावलंयस?"

"लसूण," धाकटी म्हणाली.

"हा लसूण? आत्याच्या लसणाच्या पाकळ्या माझ्या अंगठ्याएवढ्या असायच्या. मी लहानपणापासून खातोय, मला शिकवू नकोस. खरं सांग, तिचं बियाणं कुणाला दिलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमचं बियाणं कुणाच्या तरी गळ्यात मारलंस आणि कुठलं तरी भुक्कड बी आणून इथं खोचलंस. आणखी काय म्हणजे!"

धाकटी उभी राहिली. तिच्या गुडघ्यांना माती लागली होती, ती तिनं झटकली नाही.

"भाऊजी, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी जे दिसतंय ते म्हणतोय."

"बियाण्याच्या जुड्या तुम्ही स्वतः माझ्या हातात दिल्यात. जिवापाड जप म्हणालात. मी रात्री उठून उठून पाहिलंय, उंदीर तर लागले नाहीत ना म्हणून. आणि मी विकलं?"

"दादा," धाकटा म्हणाला, "जरा दमानं."

बस्स. एवढंच. बायकोला भर शेतात चोर म्हटलं आणि हा भला माणूस दमानं घ्यायला सांगतोय! ट्रक चालवताना पुढच्याला आडव्यातिडव्या शिव्या घालणारा हा, थोरल्या भावासमोर त्याच्या तोंडाला जे कुलूप लागतं ते लहानपणापासून तसंच आहे. धाकटीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यानं मान वळवली आणि पातीकडे बघायला लागला.

"आणि उगाच कांगावा करू नकोस," थोरला म्हणाला. "कोल्ड स्टोरेजवाल्याला मी आज कळवणार आहे. तुझ्या नवऱ्यालाही विचारलंय. त्यानं हो म्हटलंय."

"कधी?"

आता मात्र धाकट्याला बोलावंच लागलं. "तसं नाही गं. मी म्हटलं, पीक नाही आलं तर बघू. 'तर' म्हटलं होतं."

"माझ्या पाठीमागं म्हटलंत," ती म्हणाली.

*

थोरलीनं कळशी खाली ठेवली.

खोटं कशाला बोला, गोट्या पाहिल्या तेव्हा क्षणभर तिला बरंच वाटलं होतं. धाकटी या घरात आली तेव्हापासून आत्याबाईंचा ओढा तिच्याकडे. थोरलीनं या घरात राबराब राबायचं आणि आत्याबाईंनी गुपितं सांगायची ती धाकटीला, हे तिला कधी गोड लागलं नव्हतं. शेत गेलं तर जाऊ दे, जरा जमिनीवर येईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पण चोर? त्या जुड्या सोडायला ती स्वतः बसली होती धाकटीबरोबर, ओट्याखाली गोणपाट अंथरून. पाकळ्या मोकळ्या करताना दोघींच्या बोटांना दिवसभर वास होता. जाड पाकळ्या वेगळ्या, बारक्या वेगळ्या. धाकटी एकेक उजेडात धरून बघत होती आणि थोरली तिची थट्टा करत होती, "लग्नाला मुली बघतेस काय गं?" त्या दिवशी दोघी किती तरी वर्षांनी खळखळून हसल्या होत्या.

"तेच बियाणं होतं," थोरली म्हणाली.

थोरल्यानं वळून पाहिलं. "काय?"

"तेच होतं. मी तिच्याबरोबर बसून फोडलंय. लावतानाही मी होते. कुणी विकलं नाही नि कुणी बदललं नाही."

"तू मध्ये पडू नकोस."

आता हे वाक्य थोरलीनं लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं की एरवी ती कळशी उचलून निघून गेली असती. आज का कोण जाणे, तिचे पाय हलले नाहीत.

"मध्ये पडू नकोस म्हणजे काय? मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय. तुम्ही न पाहिलेलं बोलताय. मध्ये कोण पडतंय?"

"मग हे असं कसं झालं?" थोरला ओरडला. "सांग ना! बियाणं तेच, जमीन तीच, खत मी टाकलेलं. मग ह्या गोट्या काय आकाशातून पडल्या?"

धाकटीनं टोपलीत मूठभर गड्डे घेतले आणि घराकडे चालू लागली.

"कुठं निघालीस?" धाकट्यानं विचारलं.

"ज्यांचं बियाणं आहे त्यांना विचारायला. मी चोर आहे की नाही ते त्याच सांगतील."

"अगं, आत्याला काय कळतंय आता! उगाच तिला त्रास..."

"तुम्ही दमानं घ्या," ती म्हणाली आणि मागं न बघता निघाली.

*

आत्याला सगळे मास्तरीण म्हणायचे. तालुक्याच्या शाळेत तिनं उभा जन्म विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही, माहेरचं घर सोडलं नाही आणि कुणाचं ऐकलं नाही. लसूण तिचा. बी कुठलं ठेवायचं, कधी लावायचं, सगळं ती ठरवायची. पानगळीच्या सुमारास एका सकाळी ती शेतात जाऊन मातीत बोटं खुपसायची, उभी राहायची आणि म्हणायची, "नांगर काढा." का आजच, उद्या का नाही, हे ना तिनं कधी सांगितलं, ना कुणी विचारलं. बियाण्याच्या जुड्या तिच्या खोलीत, खिडकीलगत टांगलेल्या असायच्या, लावून उरलेल्याही, आणि ती खिडकी भर हिवाळ्यात सताड उघडी. घरातले म्हणायचे, म्हातारी विक्षिप्त आहे, एक दिवस गारठून मरेल. ती शाल गुंडाळून पडायची, पण खिडकी लावू द्यायची नाही.

गेल्या वर्षी ऐन लावणीच्या तोंडावर तिला अर्धांगाचा झटका आला. सगळं घर दवाखान्यात. लावणी राहून गेली. मग ठरलं, थंडी सरल्यावर लावू. मास्तरीण घरी आली ती एका अंगानं लुळी आणि तोंडातून शब्द फुटेना. जिनं चाळीस-चाळीस पोरं नुसत्या आवाजावर गप्प बसवली, तिला पाणी मागायला हात दाखवावा लागे. हिवाळाभर तिला एकच शब्द जमायचा, तोही ओढूनताणून.

"थंडी," ती म्हणायची. "थंडी."

आणि घर धावायचं. पहिल्या दिवशी आणखी एक रजई आली. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं स्वतः खिडकीला खिळे ठोकले आणि फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. तरी ती "थंडी, थंडी" करतच होती, डोळ्यांत पाणी आणून. मग हीटर आला. तो रात्रंदिवस लालभडक पेटलेला असायचा. ती हातानं टांगलेल्या जुड्यांकडे दाखवायची, आणि थोरली म्हणायची, "हो हो, आत्याबाई, लसूण आहे तिथंच, कुणी नेत नाही."

आता उन्हाळा होता. तीच खोली, पंखा फिरत होता, खिडकीचे खिळे कधीच निघाले होते. मास्तरीण उशांना टेकून बसली होती. आता एका दमात दोन-तीन शब्द निघायचे. धाकटी आत आली, मागून थोरली, आणि दाराशी दोघे भाऊ येऊन उभे राहिले.

धाकटीनं टोपलीतला एक गड्डा तिच्या चांगल्या हातात ठेवला.

"आत्याबाई, हा तुमचाच लसूण आहे. मी लावलाय. भाऊजी म्हणतात, मी बियाणं विकलं. आता तुम्हीच सांगा, मी चोर आहे का?"

मास्तरणीनं गड्डा डोळ्यांजवळ धरला. अंगठ्यानं चाचपला. नखानं साल काढलं. मग तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की धाकटी घाबरली. हसतेय की रडतेय, कळेना.

"थंडी!" मास्तरीण ओरडली.

थोरलीचा हात सवयीनं पायथ्याच्या रजईकडे गेला. घामानं सगळ्यांच्या पाठी ओल्या झाल्या होत्या, आणि ही रजई उचलतेय! मास्तरणीनं फाडकन तिच्या हातावर चापट मारली.

"मला नाही!" तिनं गड्डा वर धरला. "ह्याला! ह्याला!"

थोरली तिथंच थिजली. रजईचं टोक तिच्या हातात तसंच राहिलं.

"ह्याला थंडी," धाकटी हळूच म्हणाली. "ह्याला थंडी लागते?"

मास्तरणीनं जोरजोरात मान हलवली. तोंड वाकडं करत, एकेक शब्द ढकलत ती म्हणाली, "थंडी लागते. आधी. मग फुटतो. नाही तर... एकच."

"म्हणजे थंडी मिळाली नाही तर पाकळ्या पडत नाहीत? एकच कांडी राहते?"

"एककळी," मास्तरीण म्हणाली, आणि तो शब्द मात्र अगदी स्वच्छ आला, फळ्यासमोर उभी राहून म्हणावा तसा.

"अगं बाई," थोरली म्हणाली. "अगं बाई गं! अहो, आत्याबाई हिवाळाभर हेच सांगत होत्या. खिडकी उघडा म्हणत होत्या. जुड्या बाहेर गारठ्यात टांगा म्हणत होत्या. आणि आपण..." मग एकदम तिचा आवाज चढला. "आपण त्यांना रजया घालत होतो! एकालाही सुचलं नाही विचारायला, कुणाला थंडी? कशाला थंडी? रोज त्यांचं तोंड पुसलं, वेणी घातली, आणि बोलणं मात्र लहान पोराचं ऐकतात तसं ऐकलं. हो हो, हो हो!"

मास्तरीण डोळे वटारून तिच्याकडे बघत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण चेहऱ्यावर दया नव्हती. अख्खा हिवाळा ती स्वतःच्याच खोलीत स्वतःचा लसूण भाजला जाताना बघत पडली होती, आणि तिची माणसं तिच्यावर माया करत होती. याचा राग यायचा नाही तर कशाचा येणार!

*

थोरल्याला सगळ्यात आधी एकच वाटलं: हा अन्याय आहे.

त्यानं खिळे ठोकले होते ते तिच्यासाठी. हीटर आणला तिच्यासाठी. आई लवकर गेली, या आत्यानं त्याला कडेवर वाढवलं, अक्षरं गिरवून घेतली, चुकल्यावर पट्टीनं मारलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सर्दी-पडसंही होऊ देऊ नका, छातीत उतरेल. तो हीटरसमोर बसून तिचे पाय चोळत राहिला. आणि आज त्याच उबेनं वाटोळं केलं म्हणून सगळे त्याच्याकडे बघतायत.

"मग काय तिला गारठून मरू द्यायचं होतं?" तो म्हणाला. "उघडी ठेवायची होती खिडकी? लसणासाठी?"

"जुड्या बाहेर नेता आल्या असत्या, भाऊजी," धाकटी म्हणाली. "नुसत्या ओसरीवर. त्यांना ऊब, लसणाला गारठा."

इतकं सोपं होतं ते. थोरल्याला ते ऐकून आणखीच चीड आली.

"झालं ते झालं. पण पीक गेलं ते गेलंच. ठरलं होतं ते ठरलं होतं. मी माणसाला शब्द दिलाय."

"हाच लावा," मास्तरीण म्हणाली.

"काय?"

तिनं गड्डा धाकटीच्या हातात कोंबला. "हाच. परत. फुटेल."

धाकटी तिच्या अगदी जवळ वाकली. "ही एककळी बियाणं म्हणून लावली, आणि या खेपेला जमिनीतच थंडी मिळाली, तर तिला पाकळ्या पडतील? भरलेला गड्डा निघेल?"

मास्तरणीनं मान डोलावली. एकदा, ठामपणे.

"म्हणजे पीक गेलं नाही," धाकटी म्हणाली आणि वळली. "भाऊजी, ते अर्धंच झालंय. मला एक थंडी द्या. लावायच्या वेळेला लावते. त्यानंतर नाही आला लसूण, तर गोदामं बांधा नाही तर विमानतळ बांधा, मी तोंड उघडणार नाही."

"आणि त्याला काय सांगू? थांब म्हणू?"

"हो. थांब म्हण," दारातून आवाज आला.

धाकटा बोलला होता. स्वतःच बोलल्यावर जरा दचकलाही. पण आता सुरू झालाय म्हटल्यावर त्याला थांबता येईना. "मी हो म्हटलं होतं ते मी परत घेतो. आणि दादा, तू हिला चोर म्हणालास. सगळ्यांसमोर म्हणालास. ते आधी परत घे, मग माझ्याशी शेताचं बोल."

"तू मला शिकवतोस?"

"शिकवत नाही. सांगतोय."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. ती नेहमी अशा वेळी नजरेनं त्याला धीर द्यायची, निदान गप्प तरी राहायची. आज ती रजईची घडी घालत होती. घडी घातली, बाहेर नेऊन माळ्यावर टाकली, हात झटकत परत आली आणि सरळ त्याच्या समोर उभी राहिली.

"मीही ऐकत उभी होते ना हिवाळाभर," ती म्हणाली. "पण मी चूक हिच्या अंगावर ढकलली नाही. तुम्हीही ढकलू नका."

थोरल्याला वाटत होतं आकाशपाताळ एक करावं, दार आपटून निघून जावं, आत्ताच्या आत्ता फोन लावून घे बाबा तुझं शेत म्हणावं. त्यानं खिशात हातही घातला. पण समोर आत्या बसली होती, तिचं वाकडं तोंड, तिचा चांगला हात, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं तो उत्तर चुकल्यावर फळ्यापाशी उभा असताना बघायची.

"चोर म्हणालो ते चुकलं माझं," तो धाकटीला म्हणाला. तिच्याकडे न बघता, भिंतीला म्हणाला. पण म्हणाला.

धाकटी टोपलीतले गड्डे सारखे करत राहिली. इतक्या लवकर तिला मोठं मन दाखवायचं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

मग थोरला पलंगाजवळ गेला. या शेतात त्यानं हयातभर नांगर धरला, पण नांगर कधी काढायचा हे त्याला आजतागायत माहीत नव्हतं. आत्या सांगायची, तो काढायचा. मातीत बोटं खुपसून तिला काय कळतं, हे विचारायला त्याला कमीपणा वाटायचा. आज तो वाकला आणि त्यानं आवाज खाली आणला.

"आत्या, कधी लावायचा?"

धाकटीला उमगलं. शेत राहिलं. कुणी तसं म्हणालं नाही, पण एवढ्या एका प्रश्नात ते राहिलं. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं डोळे पुसले आणि भुवयांनीच तिला गप्प राहायची खूण केली.

मास्तरणीनं भाच्याकडे रोखून पाहिलं. तिचे ओठ हलले, शब्द जुळेनात, पुन्हा हलले.

"आता," ती म्हणाली, "आता विचारतोस होय!"

आणि तिनं चांगल्या हातानं पलंगाची कड धरून, सगळी ताकद लावून, भिंतीकडे तोंड फिरवलं.

थोरला तसाच वाकून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. थोरलीनं कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं आणि त्याच्या गुडघ्यामागं टेकवलं.

"बसा."

"किती वेळ?"

"त्या सांगतील तोवर."

"बाहेर कामं पडलीयेत माझी!"

"आम्ही बघतो कामं," थोरली म्हणाली. "तुम्ही ऐकायला बसा."

थोरल्यानं एकदा दाराकडे पाहिलं. धाकटा दारातून बाजूला झाला होता, वाट मोकळी होती. तो स्टुलावर बसला.